माणूस, जनावर, अन्न: तालुक्यात रोगांची माहिती एकमेकांना कशी द्यायची

भातलावणीच्या दिवसांत कोकणातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात तापाचे चार रुग्ण येतात. डोळे लाल, पोटऱ्या ठणकतायत. त्याच आठवड्यात त्याच गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दोन गायी गाभडल्याची नोंद होते. दोन्हींमागे एकच रोग असू शकतो: लेप्टो, जनावरांच्या मुतातून चिखलपाण्यात उतरून माणसाला होणारा. दोन्ही नोंदी वेळेवर जिल्ह्याला जातात आणि एकमेकींना कुठेच भेटत नाहीत. आरोग्याची नोंद आयएचआयपी या केंद्राच्या रोगनोंदणी पोर्टलवर, जनावरांची ‘भारत पशुधन’वर, अन्नाच्या नमुन्याचा अहवाल अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात.

ही पोर्टलं जोडली जातील तेव्हा जातील. तोवर तालुक्याचं काम या खात्यांच्या एका साध्या सामायिक तक्त्यावर भागतं. पण तो तक्ता बहुतेक ठिकाणी उलट्या टोकाने बनवायला घेतात: आधी व्हॉट्सॲप ग्रुप, मग तक्ता, मग गावांची यादी आणि जबाबदारी कोणाची हा प्रश्न शेवटी, तोही काहीतरी घडल्यावर. खालचा क्रम जसा आहे तसाच पाळा. मधली पायरी गाळली की पुढची कोसळते.

१. आधी माणसं आणि एक पत्र

आरोग्याच्या बाजूने तालुका आरोग्य अधिकारी, पशुसंवर्धनाकडून पंचायत समितीतले पशुधन विकास अधिकारी. इथवर सोपं आहे. अडचण अन्नाच्या बाजूला येते. अन्न सुरक्षा अधिकारी तालुक्यात बसत नाहीत, जिल्ह्याच्या कार्यालयातून ते एकाहून जास्त तालुके सांभाळतात. त्यांना दर आठवड्याच्या बैठकीला बोलावून ‘ते येत नाहीत’ अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. त्यांच्याशी फोनचा आणि ईमेलचा व्यवहार ठेवा, बैठक महिन्यातून एकदा पुरे.

याशिवाय दोन खाती कोकणात हमखास विसरली जातात. पहिलं वन खातं. दोडामार्ग, सावंतवाडी भागात २०१६ पासून माकडताप (गोचिडीतून पसरणारा क्यासनूर ताप) आहे आणि मेलेलं माकड पहिल्यांदा दिसतं ते वनरक्षकाला किंवा काजूच्या बागेत गेलेल्या माणसाला. दुसरं मत्स्यव्यवसाय खातं. मासळी पशुसंवर्धनाकडे येत नाही. बंदरावर ती मत्स्यव्यवसायाची आणि बाजारात आली की अन्न व औषध प्रशासनाची. या दोघांच्या मधल्या जागेत बरीच माहिती हरवते.

मग पत्र. जिल्हाधिकारी किंवा जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्या सहीचं, एकाच पानाचं: कोणती माहिती, कोणत्या पदाने, कोणत्या पदाला, किती वेळात, कशासाठी द्यायची. पत्रात पदं लिहा, नावं नकोत. उन्हाळ्यात बदल्या होतात, आणि दोघांच्या ओळखीवर चाललेली व्यवस्था ऐन मृगात बंद पडते.

तपासा: प्रत्येक पदापुढे दोन माणसांचे फोन आहेत का? आणि दुसऱ्या माणसाला आपलं नाव यादीत असल्याचं ठाऊक आहे का? बहुतेक वेळा नसतं.

२. रोग थोडे निवडा, लक्षणं नीट लिहा

आरोग्याच्या पोर्टलवर तीसहून जास्त रोग आहेत म्हणून सामायिक तक्त्यातही तेवढे घेऊ नका. कोकणातल्या तालुक्याला सुरुवातीला पाच पुरतात: लेप्टो, माकडताप (जिथे आहे तिथे), रेबीज, पक्ष्यांची असाधारण मरतूक आणि अन्नातून विषबाधा. लेप्टोचा जोर पावसाळ्यात आणि तो ओसरताना, माकडतापाचा साधारण डिसेंबर ते मे. बाकीचे बारमाही.

रोगाच्या नावावर अडून बसू नका. बर्ड फ्लूचं निदान भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेतून पक्कं होईपर्यंत पशुसंवर्धनचा कोणताही अधिकारी ते नाव कागदावर लिहिणार नाही, आणि त्याचं बरोबर आहे. नाव बाहेर पडलं की जिल्ह्याचा कोंबडीबाजार बसतो. म्हणून तक्त्यात रोगाऐवजी घटना मागा: ‘एका परसात तीन दिवसांत १५ पैकी ९ कोंबड्या मेल्या’. हे लिहायला कोणाची हरकत नसते आणि आरोग्य खात्याला आपली माणसं त्या वाडीत पाठवायला एवढं पुरतं.

३. गाव-वाडीची एकच यादी

सगळ्यात कंटाळवाणं काम हेच, आणि सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात. घाटावर गाव म्हणजे बहुधा एका ठिकाणी वसलेली वस्ती. आपल्याकडे एकाच महसुली गावात डोंगराच्या माथ्यापासून खाडीपर्यंत वाड्या पसरलेल्या असतात, आणि वरच्या वाडीतल्या तापाचा खालच्या वाडीतल्या गोठ्याशी काही संबंध असेलच असं नाही. नुसतं गाव लिहून भागत नाही.

क्रम असा ठेवा.

पहिल्यांदा स्थानिक शासन निर्देशिकेतला, म्हणजे केंद्राच्या एलजीडी यादीतला गावाचा कोड घ्या. नावावर विसंबू नका. पाली रत्नागिरी तालुक्यात आहे आणि सुधागडातही. आरवली संगमेश्वरात आहे आणि वेंगुर्ल्यातही. नांदगाव कणकवलीत आहे तसं मुरुडकडेही आहे. जिल्ह्याच्या तक्त्यात नुसतं ‘आरवली’ आलं, तर कोणत्या टोकाला गाडी पाठवायची?

मग प्रत्येक गावाखाली वाड्या लिहा. आशाताईंच्या कुटुंब नोंदवहीत त्या असतातच. मधलीवाडी, खालचीवाडी, गावठण, बौद्धवाडी ही नावं गावागणिक पुन्हापुन्हा येतात, म्हणून वाडीला स्वतंत्र नंबर द्या आणि तो कायम गावाच्या कोडला जोडूनच लिहा. वाडीचं स्पेलिंग कोणी काहीही करो, नंबर बदलत नाही.

तिसरं, इतर खात्यांच्या जागा या यादीशी जुळवा. वन खात्याच्या नोंदीत गाव नसतं, कक्ष क्रमांक असतो. गावातून निरोप येतो तो ‘केल्डा (माकड) मेला’ एवढाच. त्या कक्षात लाकडाला, पातेऱ्याला, काजूला कोणत्या वाड्यांतली माणसं जातात हे वनरक्षकाला तोंडपाठ असतं. एकदा बसून लिहून घ्या. पशुवैद्यकीय दवाखान्याचं कार्यक्षेत्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचं कार्यक्षेत्रही जुळत नाही. एका दवाखान्याची गावं दोन आरोग्य केंद्रांत विभागलेली असतात, तेही या यादीत दिसू द्या.

इशारा: जुन्या याद्या अजून कृतिदेव किंवा श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या सापडतात. त्या सरळ चिकटवल्या तर अक्षरांचा चुथडा होतो आणि शोधून काही सापडत नाही. आधी युनिकोडमध्ये बदला, मगच वापरा.

तपासा: तिन्ही खात्यांच्या गेल्या महिन्याच्या प्रत्येकी दहा नोंदी घ्या आणि यादीत बसवून पाहा. दोन-तीन जरी बसल्या नाहीत तरी यादी अपुरी आहे. पुढे जाऊ नका.

४. तक्त्याची एक ओळ

स्तंभ कमी ठेवा. माझ्या मते नऊ पुरतात: नोंद क्रमांक, खातं, गाव कोड व वाडी क्रमांक, घटना सुरू झाल्याची तारीख, कळवल्याची तारीख, काय घडलं, किती पैकी किती, खात्रीची पातळी, आणि काय केलं. लेप्टोच्या दिवसांतली पशुसंवर्धनाकडून आलेली ओळ साधारण अशी दिसेल:

‘प-०१४ / पशुसंवर्धन / (गाव कोड)-०३ / १२ जुलै / १३ जुलै / गाय गाभडली / ११ पैकी २ / संशयित / रक्तनमुने घेतले, आरोग्य केंद्राला फोन केला’

यातल्या तीन स्तंभांवर सगळा खेळ आहे.

तारीख. रुग्ण दवाखान्यात आला ती तारीख लिहू नका, लक्षणं सुरू झाली ती लिहा. पावसाळ्यात माणूस तीन-चार दिवस ताप अंगावर काढतो, लावणी संपली की येतो. दवाखान्याच्या तारखेवर गेलात तर लागणीचा काळ पुढे सरकलेला दिसतो. विषबाधेत तर तारीखही पुरत नाही, तास हवेत: कधी जेवले, कधी उलटी झाली.

किती पैकी किती. आरोग्य खातं माणसं मोजतं, पशुसंवर्धन जनावरं किंवा गोठे, अन्न खातं नमुने. या तिन्हींची बेरीज करून ‘एकूण ३७ प्रकरणं’ असा आकडा काढलेला पाहिला की डोक्याला हात लावावासा वाटतो. बेरीज कधीच करू नका. अन्नाच्या नमुन्यात आणखी एक गोम आहे. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ प्रमाणे नमुना असुरक्षित, कमी दर्जाचा किंवा मिथ्याछाप ठरू शकतो. लेबलवर मजकूर चुकला म्हणून मिथ्याछाप ठरलेल्या पाकिटाचा आजाराशी संबंध नसतो. ‘नमुना फेल’ एवढंच कळवलं तर आरोग्य खातं उगाच धावतं, म्हणून कारण मागा. नमुना संशयावरून घेतला की नेहमीच्या तपासणीत, हेही लिहा. संशयावरून घेतलेल्यांत दोष जास्त सापडणारच.

खात्रीची पातळी. संशयित, संभाव्य, प्रयोगशाळेतून सिद्ध. तीनच. लेप्टोची आयजीएम ही रक्तचाचणी आजाराच्या पहिल्या चार-पाच दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते. तेवढ्यावरून ओळ खोडू नका, ‘दुसरा नमुना बाकी’ लिहा.

इशारा: जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर १२ आकडी असतो. एक्सेल त्याला नेहमीची संख्या समजून आखडून दाखवतं, आणि फाइल एका रूपातून दुसऱ्यात गेली की शेवटचे आकडे कायमचे जातात. हा नंबर ज्या फाइलमध्ये ठेवाल तिथला तो स्तंभ आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवा. तारखेतही दिवस आणि महिना यांची अदलाबदल होते. ५ जुलैचा ७ मे झाला तर लेप्टो ऐन उन्हाळ्यात उगवतो. महिना अक्षरांत लिहिला की प्रश्न मिटतो.

५. संशय आज, अहवाल मागाहून

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे अहवालाची वाट पाहणं. तक्ता आठवड्याचा असला तरी काही गोष्टी त्याच दिवशी फोनने जायला हव्यात आणि मग तक्त्यात: मेलेलं माकड किंवा वानर, कावळ्यांची वा कोंबड्यांची असाधारण मरतूक, चावरं होऊन मेलेलं कुत्रं, अचानक मेलेलं आणि नाकातोंडातून रक्त आलेलं जनावर (याचं शवविच्छेदन करू नका, काळपुळी म्हणजे अँथ्रॅक्स असू शकतो), आणि एकाच जेवणानंतर आजारी पडलेली दोन किंवा जास्त माणसं.

विषबाधेचं उदाहरण जरा तपशिलात घेऊ, कारण तिथे तासांवर काम असतं. वाडीतल्या पूजेच्या जेवणानंतर रात्री दहाला आरोग्य केंद्रात उलट्या-जुलाबाची माणसं येऊ लागली. वैद्यकीय अधिकारी उपचारात गुंततात, जिल्ह्याला आकडा कळवतात. सकाळपर्यंत यजमानांनी भांडी घासून, उरलेलं गुरांना घालून मोकळं केलेलं असतं. अन्न सुरक्षा अधिकारी दुपारी पोचतात तेव्हा नमुना घ्यायला काही शिल्लक नसतं.

म्हणून रात्रीच तीन फोन. पहिला आशाताईंना किंवा पोलीस पाटलांना: उरलेलं काही टाकू नका, जनावरांना घालू नका, झाकून फ्रीजमध्ये ठेवा. दुसरा अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना. कायदेशीर नमुना त्यांनीच घ्यायचा असतो, चार भागांत, आणि अन्न विश्लेषकाने अहवाल १४ दिवसांत द्यायचा असतो. ग्रामपंचायत अधिकाऱ्याने बरणीत भरून आणलेल्या आमटीवर खटला उभा राहत नाही, तरी रोग ओळखायला तिचा उपयोग होतो, तीही ठेवा. तिसरा ग्रामपंचायतीला, विहिरीच्या पाण्यासाठी. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकण्याआधी पाण्याचा नमुना घ्यायचा, नंतर नाही. रुग्णांच्या शौचाचा नमुनाही प्रतिजैविकाआधी. कोण काय जेवलं याची यादी करताना न आजारलेल्यांनाही विचारा, नाहीतर सगळ्यांनी भात खाल्ला म्हणून भातच गुन्हेगार ठरतो.

किनाऱ्यावर आणखी एक प्रकार कायम निसटतो. बांगडा, कुपा, सुरमई अशी मासळी पकडल्यानंतर बर्फाविना राहिली की तिच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवून जात नाही. जेवल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल, खाज, डोकेदुखी. डॉक्टर केसपेपरवर ‘ॲलर्जी’ लिहितात, इंजेक्शन देतात, माणूस घरी जातो. कोणत्याच यादीत ही घटना येत नाही. साधा नियम ठेवा: एकाच वाट्याची मासळी खाल्लेल्या दोघांना ‘ॲलर्जी’ झाली तर ती अन्नाची घटना आहे, मासळी कुठून घेतली ते विचारून कळवायची.

हाच प्रश्न इतर मालालाही विचारा. पिशवीतलं दूध आणि कोंबडी कोकणात बरीचशी घाटावरून येते. मूळ शोधायचं तर ‘माल कुठला’ हे पहिल्याच फोनवर विचारलेलं बरं.

६. दर मंगळवारी तक्ते एकत्र

आठवडा सोमवार ते रविवार धरा, आरोग्याचा तसाच असतो. सोमवारी प्रत्येक खातं आपल्या ओळी भरेल, मंगळवारी एकच माणूस त्या एकत्र करेल. तिघांनी एकाच फाइलमध्ये एकाच वेळी हात घालायचा नाही.

रिकामी जागा आणि शून्य यांत गल्लत नको. पावसात चार दिवस वीज नाही, रेंज नाही, म्हणून आलेली रिकामी जागा ‘रोग नाही’ म्हणून वाचली जाते. काही घडलं नसेल तर ठळक शून्य लिहा. रिकामं दिसलं की फोन करा.

एकत्र केल्यावर लोक शेजारशेजारचे रकाने पाहतात आणि ‘काही जुळत नाही’ म्हणून सोडून देतात. जुळणार कसं? लेप्टोची लागण झाल्यापासून लक्षणं यायला बहुधा ५ ते १४ दिवस लागतात, कधी महिनाही. या आठवड्यातला ताप दोन आठवड्यांपूर्वीच्या गोठ्याशी लावून पाहा. माकडतापात ३ ते ८ दिवस. रेबीजमध्ये आठवडे, महिने, म्हणून कुत्रं चावल्याची नोंद लवकर बंद करू नका.

जागेचंही तसंच. गणपतीला आलेला चाकरमानी चिखलातून हिंडून परत जातो आणि मुंबईच्या रुग्णालयात लेप्टोने दाखल होतो. त्याचा पत्ता मुंबईचा, लागण इथली. सिंधुदुर्गातले रुग्ण गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात जातात, रायगडातले पनवेल-मुंबईला, पालघरचे काही वापी-वलसाडला. ही माहिती आपोआप परत येत नाही. जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांमार्फत ती मागवायची सोय पहिल्या पायरीच्या पत्रातच करून घ्या. ‘गेल्या तीन आठवड्यांत कुठे होता?’ हा प्रश्न पत्त्यापेक्षा महत्त्वाचा.

७. नाव कोणाला, किती

सामायिक तक्त्यात रुग्णाचं नाव, फोन, आधार यांतलं काहीही येणार नाही. ते आरोग्याच्या पोर्टलवर राहतं, तक्त्यात फक्त नोंद क्रमांक. पशुधन पर्यवेक्षकाला घर गाठायचंच असेल तर आरोग्य सेवक सोबत जातो किंवा फोनवर घर सांगतो. गोठ्याच्या मालकालाही हेच लागू. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ चा आहेच, पण त्याहून व्यावहारिक कारण असं, की एकदा नाव फुटलं की पुढच्या वेळी लोक कळवतच नाहीत. पोल्ट्रीवाले तर अजिबात नाहीत.

लहान वाडीत नाव गाळूनही माणूस ओळखू येतो. ‘वाडी ०३, स्त्री, ६२’ म्हटलं की सगळ्या गावाला कळतं. कामाच्या तक्त्यात वाडी राहू द्या. बाहेर जाणाऱ्या कागदावर गाव किंवा आरोग्य केंद्र इतकंच, वय दहा-दहाच्या गटात.

इशारा: नोंदवहीच्या पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकणं ताबडतोब बंद करा. व्हॉट्सॲप ‘तक्ता भरलाय, पाहा’ एवढं सांगायला वापरा. वर्तमानपत्राला माहिती जिल्ह्यातूनच जाईल, तालुक्यातून कोणीही बोलणार नाही.

८. उलटा निरोप

ज्याने कळवलं त्याला पुढे काय झालं ते सात दिवसांत कळलं पाहिजे. वनरक्षकाने मेलेल्या माकडाची खबर दिली आणि तपासणीचं काय झालं हे त्याला कधीच समजलं नाही, तर पुढचं माकड तो उचलून पुरून टाकेल. नमुना निगेटिव्ह आला तरी कळवा. किंबहुना तेव्हा जरूर कळवा.

उलटा निरोप म्हणजे नुसता अहवाल नव्हे, दुसऱ्या खात्याने काय करायचं तेही. पक्ष्यांचा रोग सिद्ध झाला तर पशुसंवर्धन एक किलोमीटरचं बाधित क्षेत्र आणि दहा किलोमीटरपर्यंतचं सर्वेक्षण क्षेत्र आखतं. त्यांच्या नकाशावरच्या वाड्यांची नावं त्याच दिवशी आरोग्य केंद्राकडे गेली, तर घरोघर तापाची पाहणी दुसऱ्या सकाळी सुरू होते. पक्षी मारणाऱ्या पथकातल्या माणसांवर नंतरही लक्ष ठेवायचं असतं, त्यांची यादी पशुसंवर्धनाकडेच असते. मागून घ्या.

ओळ कधी बंद करायची तेही ठरलेलं असू द्या: ‘काय केलं’ भरलं, निकाल आला, कळवणाऱ्याला सांगितलं. तिन्ही झाल्याशिवाय बंद नाही. महिन्याच्या बैठकीत फक्त उघड्या ओळी वाचा. बंद झालेल्या वाचत बसलात तर अन्न सुरक्षा अधिकारी पुढच्या वेळी खरंच येणार नाहीत.

मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी, एक रंगीत तालीम घ्या. कोणाला न सांगता दुपारी एका आशाताईंना एक बनावट घटना द्या (वरिष्ठांना कल्पना असू द्या, आणि निरोपात ‘सराव’ हा शब्द हवाच), आणि ती तिन्ही खात्यांपर्यंत किती वाजता पोचली ते टिपा. जिथे अडली तिथला फोन नंबर बहुधा जुना निघतो.